एका पानात बसवलेली माणसं

"बायोडाटा काढायचाय," असं म्हणत कुणी दुकानाची पायरी चढलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "लग्नाचा की नोकरीचा?" हसू नका. जळगावात कोर्टाच्या मागच्या गल्लीत मी एकतीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं, आणि हा प्रश्न न विचारल्याचे परिणाम एकदा भोगले आहेत. घाईत आलेल्या एका मुलाला मी सवयीने लग्नाचा नमुना काढून दिला. वर गणपती, मग रास, रक्तगट, मामाचं गाव, आणि शेवटी 'अपेक्षा: सुस्वभावी, घर सांभाळणारी.' त्यानेही न वाचता पाकिटात घातला आणि एका कारखान्यात मुलाखतीला नेला. मुलाखत घेणाऱ्यांनी म्हणे तो कागद आळीपाळीने वाचला, त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहा म्हटलं, तेव्हा अशाच गमतीजमती लिहायच्या असं माझ्या मनात होतं. थोड्या लिहीनही. पण ज्या कागदासाठी मी हे लिहायला बसले आहे तो गमतीचा नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर धुळ्याचं. टायपिंग तिथेच शिकले आणि लग्न होऊन जळगावला आले ती प्रमाणपत्रं घेऊनच. आधी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, पण काम तेच: दुसऱ्याचं म्हणणं कागदावर नीट उतरवायचं. अर्ज, करारनामे, वकिलांच्या नोटिसा सगळं केलं, पण गल्लीत नाव झालं ते बायोडाट्याने. दुकानाबाहेर पाटी होती, 'बायोडाटा: साधा आणि प्रोफेशनल. एका पानात.' लोक मला अक्का म्हणत आणि माझ्यामागे 'अक्काची कात्री' म्हणत. दोन्ही मला आवडायचं.

कात्री लागायचीच. कारण माणूस नोकरी मागायला निघाला की घरातलं होतं नव्हतं ते पिशवीत भरून आणतो. रक्तदानाचं प्रमाणपत्र, शाळेतल्या लंगडीचं बक्षीस, सरपंचांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला. फोटो स्टुडिओतला, कोट स्टुडिओचाच. कागदाला वेलबुट्टीची चौकट हवी, नाव लाल अक्षरात हवं. ईमेलचा पत्ता 'डॅशिंग राजा' असल्या नावाचा. मी त्यांना समजावायची, की बाबा रे, तुझा कागद ज्याच्या टेबलावर जाणार त्याच्यासमोर ढीग पडलेला असतो. तो तुझ्या कागदाकडे पाणी पिता पिता बघणार. तेवढ्यात त्याला चार गोष्टी सापडल्या पाहिजेत: तू कोण, कुठे भेटशील, काय शिकलास, काय काम केलंस. एकच अक्षर वापरायचं, काळंच वापरायचं, दोन्ही बाजूंना समास सोडायचा. आणि पानाच्या तळाशी चार बोटं जागा कोरी ठेवायची, डोळ्याला बरं वाटतं. ही कोरी जागा माझी खास. गल्लीतल्या दुसऱ्या दुकानांतले कागद खालपर्यंत गच्च भरलेले असत.

शिरपूरकडचा एक गडी चार पानं घेऊन आला होता. कापसाच्या एका जिनिंगच्या ऑफिसात कारकून हवा होता. चारातलं एक पूर्ण पान मामांवर. मामा कुठल्या समितीवर, मामांचे सत्कार, मामांचा मोबाइल. मी मामांवर काट मारली तसा तो कळवळला. "अक्का, मामानं नाव ऱ्हाऊ द्या ना. मामाले बठ्ठा वयखतस."

"मामाला सगळे ओळखतात ना? मग मामाला नोकरी देतील. तुला कोण ओळखतं?"

रागावला, पण कागद नेला. महिन्याने पेढे घेऊन आला. सोबत मामाही होते, त्यांना बघायचं होतं की आपल्याला काटणारी बाई कोण. मामांनी दोन पेढे खाल्ले आणि स्वतःच्या मुलाचा बायोडाटा माझ्याकडूनच काढून नेला.

दुसरे धुळ्याचे इक्बालभाई. विजेच्या मोटारी रिवाइंडिंगचं काम करायचे, आखाती देशात जायचं होतं. शिक्षण सातवी. मी त्यांच्यासाठी इंग्रजीतली दोन भारदस्त वाक्यं तयार ठेवली होती, आव्हानात्मक संधीच्या शोधात वगैरे. त्यांनी अर्थ विचारला आणि मान हलवली. "नको अक्का. जितना आता है उतनाच लिखो. वहाँ जाके मशीन के सामने खडा रहना है." मग आम्ही नुसती यादी केली. कुठकुठल्या मोटारी उघडता येतात, कुठला पंप, कुठला कॉम्प्रेसर. पाऊण पान भरलं आणि त्याच कागदावर ते आखातात गेले. त्या दिवशी मला माझा धंदा कळला होता असं आज वाटतं. कळलेलं टिकलं मात्र नाही.

सुनीता आली त्याला आता चार वर्षं झाली. रावेरजवळच्या खेड्यातली, बत्तीस-तेहेतीस वर्षांची, सकाळची एसटी धरून आलेली. नवरा ट्रॅक्टरवर, एक मुलगी पाचवीत. मुक्त विद्यापीठातून बीए केलेलं, तेही काम करता करता. रावेर रस्त्याला एका बाहेरच्या कंपनीने केळी साठवण्याचं आणि परदेशी पाठवण्याचं मोठं केंद्र काढलं होतं आणि त्यांना पॅकिंगसाठी सुपरवायझर हवा होता. पदवीधर, अनुभव असल्यास उत्तम. जाहिरातीचं कात्रण तिने चार घड्या घालून आणलं होतं.

"अक्का, जात लिहा लागते का?" तिने बसल्या बसल्या विचारलं.

"नोकरीच्या कागदात नाही लिहायची."

"बरं झालं," ती म्हणाली आणि जरा ऐसपैस बसली.

मग तिने पिशवीतून दोन कागद काढले. मुलीच्या गणिताच्या वहीतले, चौकटीचे. दोन्ही पानं पाठपोट भरलेली, एका चौकटीत एक अक्षर अशा निगुतीने. वर लिहिलं होतं, 'मला येणारे काम.' आठ वर्षं ती एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये केळीच्या पॅकिंगला होती. सुरुवातीला हौदावर धुवायला, मग माल निवडायला, आणि शेवटची तीन वर्षं गाडी भरायची झाली की मालक तिच्यावर सोडून निघून जायचा. हे सगळं तिने लिहिलं होतं. फणी घडापासून सोडवली की आधी उलटी धरायची, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही. केळ दाबून बघायचं नाही, किती तयार आहे ते कडेवरून ओळखायचं. कडा गोल झाल्या असतील तर तो माल लांब पाठवायचा नाही. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवायच्या, नख लागलं की दोन दिवसांनी काळी रेघ उमटते. नव्या बाईला पहिला आठवडा फक्त हौदावर ठेवायचं.

मी वाचलं आणि हसले. हो, हसले. "हे काय गं, केळ्याची रेसिपी लिहिलीस का?"

तीही हसली, लाजून. "मले जे येते ते लिहिलं अक्का."

"पोस्ट काय होती तुझी?"

"पोस्ट? पोस्ट कोन देते केयीच्या शेडात. सुनीताताई म्हनत बठ्ठे."

"अनुभवाचा दाखला?"

"हजेरीच्या वहीत सही आहे. बाकीच्या बायांचे अंगठे आहेत, माझी सही आहे."

मी कात्री चालवली. मजुरी बायोडाट्यात लिहायची नसते, असं मी तिला सांगितलं. हा नियम मी कुठे वाचला नव्हता, कुणी शिकवला नव्हता. ऑफिसात जायचं तर ऑफिसातल्यासारखं दिसावं, एवढंच माझं शास्त्र. नाव, पत्ता, बीए, कॉम्प्युटरचा कोर्स, येणाऱ्या भाषा. सुबक झालं. पण एक अडचण राहिली. शेडमधली आठ वर्षं काटल्यावर तेवढी वर्षं रिकामी दिसत होती, आणि रिकामी वर्षं कागदावर वाईट दिसतात. त्या जागी मी इंग्रजीत एक शब्द टाकला: हाऊसवाइफ.

तिने कागद हातात घेतला. इंग्रजी हळूहळू वाचायची. त्या शब्दावर तिचं बोट थांबलं. "अक्का, हे?"

"अशीच रीत आहे."

"मंग त्याईले कसं समजीन, मले काम येते म्हून?"

"ते मुलाखतीत सांगायचं."

हे उत्तर आमच्या धंद्यात सगळेच देतात. मुलाखतीला बोलवायचं की नाही हे त्याच कागदावरून ठरतं, हे मला ठाऊक होतं. रोज गिऱ्हाइकांना मी तेच तर सांगायची. तरी त्या दिवशी दिलं ठोकून. तिने चौकटीचे दोन्ही कागद उचलले, पहिल्या घडीवरच परत दुमडले आणि पिशवीत ठेवले. जाताना म्हणाली, "कागद चांगला दिसू राह्यला अक्का." मला बरं वाटलं.

इक्बालभाईंच्या मोटारी मी लिहिल्या आणि सुनीताची केळी काटली. असं का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. मोटार उघडणं मला काम वाटलं. बायकांनी हौदावर उभं राहून फण्या धुणं मला काम वाटलं नाही, वेळ घालवणं वाटलं, पोटासाठी केलेली काहीतरी लपवण्यासारखी गोष्ट वाटली. आणि हे वाटणारी मी कोण, तर स्वतः रोज दहा तास खुर्चीवर बसून बोटं बडवणारी बाई.

वर्ष-सव्वा वर्ष गेलं. एके दिवशी दुपारी चांगल्या कपड्यातला एक माणूस दुकानात आला. त्याच कंपनीचा, रावेरच्या केंद्राचा मॅनेजर. नुकताच नाशिककडून बदलून आलेला. जळगावला कामासाठी आला होता आणि कामगारांसाठी मराठीत सूचनांचा कागद टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये मढवून भिंतीवर लावायला हवा होता. "काकू, मजकूर मोबाइलमध्ये आहे," म्हणत त्याने फोन माझ्यापुढे धरला.

फोटोत चौकटीचा कागद होता. एका चौकटीत एक अक्षर. वरचं 'मला येणारे काम' तेवढं फोटोत आलं नव्हतं.

मी टाइप करायला लागले. फणी घडापासून सोडवली की आधी उलटी धरायची. कडा गोल झाल्या असतील तर. नख लागलं की. अर्धं पान झाल्यावर मी विचारलं, "कुणी लिहिलंय हो हे?"

"आमच्याकडे एक बाई आहे पॅकिंगला. फार हुशार. आमचा सुपरवायझर नवा आला तेव्हा त्याला केळ्यातलं काही कळत नव्हतं. मुलगा चांगला आहे, पण कॉम्प्युटरवाला. त्याला या बाईनेच शिकवलं. तिच्याकडे हे लिहिलेलं तयारच होतं."

"मग तिलाच का नाही केलंत सुपरवायझर?"

"मी नंतर आलो ना. अर्ज आला होता म्हणे तिचा. पण कागदावर हाऊसवाइफ लिहिलेलं, अनुभव काहीच नाही. वरच्या ऑफिसने पहिल्याच चाळणीत बाजूला काढला. मग ती मजुरीला आली, गेटवर उभी राहून." तो हळहळला, खरोखर हळहळला. "या लोकांना आपलं काम नीट मांडता येत नाही हो काकू."

तो शब्द मी टाइप केला होता, हे माझ्या तोंडातून निघालं नाही. एवढंच विचारलं, "खाली त्या बाईंचं नाव घालू का?"

"नाव कशाला? साधं ठेवा. प्रोफेशनल दिसलं पाहिजे," तो म्हणाला. त्याच्या मागे दाराबाहेर माझी पाटी होती.

मी साधं ठेवलं. कागद मढवून दिला. तो खूश होऊन गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवस माझं कामात लक्ष लागेना. शेवटी एका मंगळवारी दुकान बंद ठेवलं, सुनीताचा बायोडाटा नव्याने बनवला आणि रावेरची एसटी धरली. भुसावळ सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागतात. त्यांच्याकडे बघत बसले असताना मला माझ्या मुलाच्या लग्नाचा बायोडाटा आठवला. तोही मीच टाइप केलेला, माझ्याच दुकानात, माझ्याच मशीनवर. 'वडील: निवृत्त शासकीय कर्मचारी. आई: गृहिणी.' तेव्हा ह्यांनी म्हटलं होतं, अगं, दुकान कशाला लिहितेस, उगाच लोक चौकशा करतात. मलाही ते पटलं होतं. तो शब्द मला कधी टोचला नाही, म्हणून सुनीतालाही टोचणार नाही असं मी धरून चालले.

जेवणाच्या सुट्टीत ती गेटबाहेर आली. हातांवर चिकाचे काळे डाग. मला बघून चकित झाली आणि लगेच ओळखलं. लिंबाखाली बसून तिने डबा उघडला, कळण्याची अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. मी घास हातात धरूनच सगळं सांगितलं. मॅनेजर आला होता, काय म्हणाला, आणि तो शब्द माझाच होता.

ती खाली बघत ऐकत होती. "मले माहीत होतं अक्का."

"काय माहीत होतं?"

"त्या शब्दानं काम बिघडलं म्हून. हाऊसवाइफ म्हंजे काय ते समजते ना मले. बीए आहे मी."

"मग त्याच दिवशी भांडली का नाहीस माझ्याशी?"

"तुम्ही म्हटलं रीत आहे. मले वाटलं, एवढे कागद काढते बाई, तिले जास्त माहीत असीन."

रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसतं कारण सांगत होती.

मी पिशवीतून नवा कागद काढला. तिने हात पदराला पुसले, दोनदा पुसले, आणि कडेला धरून वाचला. यात आठ वर्षं होती आणि नंतरचीही होती. हौद, निवड, गाडी भरणं, नव्या बायकांना शिकवणं, सुपरवायझरला शिकवणं. तिने शेवटपर्यंत वाचलं.

"बठ्ठं बरोबर आहे," ती म्हणाली. "पन आता ही जागा तर भरली. पोरगा चांगला आहे, त्याच्या पोटावर कायले पाय द्यायचा? पुढे कुठी निघाली तर देईन." आणि पहिल्या भेटीत चौकटीचे कागद दुमडले होते तशीच घडी घालून हा कागद ब्लाउजच्या आत ठेवला.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाकीच्या बायका उठून आत निघाल्या. तिने डबा बंद केला, उभी राहिली, दोन पावलं गेली आणि वळली.

"अक्का, आत हौदाजवळ तो सूचनांचा कागद लावला, तो तुम्हीच टाइप केला ना? तुमचं अक्षर ओळखलं मी. माझ्या बायोडाट्याचं बी असंच होतं."

"हो."

"माझं नाव बसत नव्हतं का खाली?"

बसत होतं. पानाच्या तळाशी चार बोटं जागा मी कोरी सोडली होती.